‘ई-२०’चा वाद आणि बारावीचे एक गणित

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, म्हणजे ‘ई-२०’बद्दल, आपल्या वाचकपत्रांच्या सदरात जी चर्चा चालली आहे ती मी पहिल्यापासून वाचत आलो आहे. काही वाचकांचे म्हणणे असे की, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच उष्णता असते, त्यामुळे गाडीचे मायलेज एकतृतीयांशाने पडले पाहिजे आणि ते तसे पडलेही आहे. काहींचे म्हणणे याच्या नेमके उलटे, की इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक (दाबाखाली अकाली पेट न घेण्याच्या गुणाचे माप) वरचा असल्यामुळे मायलेज मुळीच घटत नाही आणि तक्रार करणाऱ्यांच्या गाड्यांतच काही तरी बिघाड असला पाहिजे. दोन्हीकडची पत्रे पोटतिडकीने लिहिलेली आहेत, पण त्यांपैकी एकाही पत्रात साधी आकडेमोड केलेली मला आढळली नाही. या प्रश्नाचा मोठा भाग आकडेमोडीनेच सुटण्यासारखा आहे, आणि ती आकडेमोड आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘रासायनिक उष्मागतिकी’च्या प्रकरणात शिकवली जाते. मी एकतीस वर्षे ते प्रकरण शिकवले. आमच्या घरचा ऊसही साखर कारखान्याला जातो, त्यामुळे इथेनॉलशी माझे वैर नाही, उलट त्याच्या दराकडे आमचे डोळे लागलेले असतात, हेही आधीच सांगून टाकतो.

एखाद्या रासायनिक अभिक्रियेत किती उष्णता बाहेर पडेल हे काढण्यासाठी दर वेळी ती अभिक्रिया घडवून पाहावी लागत नाही. प्रत्येक संयुगाची ‘निर्मिती एन्थाल्पी’ नावाची एक संख्या कोष्टकात दिलेली असते. त्या संयुगाचा एक मोल (म्हणजे रेणूंचा एक ठरावीक संख्येचा गठ्ठा) त्याच्या मूलद्रव्यांपासून, ती मूलद्रव्ये नेहमीच्या दाबाला आणि २५ अंश सेल्सिअसला ज्या स्थिर रूपात असतात त्या रूपातून, तयार होताना उष्णतेची जी देवघेव होते ती ही संख्या. उष्णता बाहेर पडत असेल तर संख्या ऋण आणि आत घेतली जात असेल तर धन. मूलद्रव्यांची स्वतःची निर्मिती एन्थाल्पी शून्य धरतात. मग कोणत्याही अभिक्रियेची उष्णता काढायची झाली, तर तयार झालेल्या पदार्थांच्या निर्मिती एन्थाल्पींची बेरीज करायची आणि तिच्यातून अभिक्रियेत वापरल्या गेलेल्या पदार्थांच्या निर्मिती एन्थाल्पींची बेरीज वजा करायची. संतुलित समीकरणात ज्या पदार्थाचे जितके मोल असतील तितक्या पटीने त्याची संख्या घ्यायची, एवढे पथ्य पाळावे लागते.

वर्गात मुले येथे हटकून अडत. मूलद्रव्यांना शून्य कोणी ठरवले, आणि ते खोटे असले तर सगळेच उत्तर खोटे येणार नाही का, ही त्यांची शंका रास्त असे. आमच्याकडची बहुतेक मुले ऊस पिकवणाऱ्या घरांतली असल्याने मी त्यांना कारखान्याच्या वजनकाट्यावर नेत असे. उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन होते. ऊस गव्हाणीत उतरवल्यावर रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते, वजन होते. वजाबाकी केली की ऊस किती ते कळते. समजा काट्याचे शून्यच पन्नास किलोने सरकलेले असेल, तर भरलेल्या ट्रॉलीचे वजन चुकेल, रिकामीचेही चुकेल, पण दोन्ही वजने त्याच काट्यावर झालेली असल्याने उसाचे वजन बिनचूक येईल. रासायनिक समीकरणाच्या दोन्ही बाजूंना कार्बनचे, हायड्रोजनचे, ऑक्सिजनचे अणू मोजून तितकेच असतात, म्हणून मूलद्रव्यांसाठी शून्य कोठेही धरले तरी ते वजाबाकीत आपोआप गळून पडते. ट्रॉली कोणत्या रस्त्याने काट्यावर आली याचाही उसाच्या वजनाशी संबंध नसतो. अभिक्रिया एका टप्प्यात होवो की पाच टप्प्यांत, आरंभीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतील तर एकूण उष्णता तीच, हे जर्मेन हेन्री हेस या जिनिव्हात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १८४० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये प्रयोगांवरून मांडले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा आजच्या सर्वमान्य रूपात आलेलाही नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे हेसच्या कामाचे मोल कळते.

आता इथेनॉल घेऊ. इथेनॉलचा एक मोल जळायला ऑक्सिजनचे तीन मोल लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे दोन व पाण्याचे तीन मोल तयार होतात. कोष्टकातले आकडे किलोज्यूल (उष्णतेचे एकक) प्रति मोलमध्ये असे आहेत : कार्बन डायऑक्साइड उणे ३९३.५, द्रव पाणी उणे २८५.८, पाण्याची वाफ उणे २४१.८ आणि द्रव इथेनॉल उणे २७७.७. ऑक्सिजन मूलद्रव्य असल्याने त्याचे शून्य. पाणी द्रवरूप धरले तर तयार झालेल्या पदार्थांची बेरीज उणे ७८७.० आणि उणे ८५७.४ मिळून उणे १६४४.४ होते, तिच्यातून उणे २७७.७ वजा केले की उत्तर उणे १३६६.७ येते. पाणी वाफेच्या रूपात बाहेर जाते असे धरले तर तेच उत्तर उणे १२३४.७ होते. दोहोंतला १३२ चा फरक म्हणजे तीन मोल पाण्याच्या वाफ होण्याची उष्णता, मोलामागे ४४.

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण परीक्षक म्हणून उत्तरपत्रिका तपासताना सर्वांत जास्त चुका मी याच जागी पाहिल्या आहेत. कोणी तीन आणि दोन हे सहगुणक विसरतो आणि उणे ४०१.६ असे उत्तर लिहून मोकळा होतो. कोणी वजाबाकी उलटी करतो आणि इथेनॉल जळताना १३६६.७ किलोज्यूल उष्णता शोषली जाते असे लिहितो. ज्या मुलाने देवघरातली समई पाहिली आहे, गॅसची शेगडी पेटवली आहे, त्याच्या हातून जळणारा पदार्थ उष्णता शोषतो असे उत्तर निघते आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. दोष एकट्या मुलाचा नाही. दोन-तीन गुणांचे गणित, सूत्रात आकडे घालायचे आणि उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, असेच आम्ही ते शिकवत आलो. त्यातल्या ‘द्रव’ किंवा ‘वायू’ या शब्दावर उत्तर शेकडा दहाने बदलते, हे क्वचितच कोणी फळ्यावर थांबून दाखवले असेल.

मायलेजच्या वादात तोच शब्द महत्त्वाचा आहे. इंजिनात इंधन जळून जे पाणी तयार होते ते सायलेन्सरमधून वाफेच्या रूपात बाहेर जाते. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी पाण्याचे थेंब टपकताना दिसतात, पण ते सिलिंडरच्या बाहेर पडल्यावर गार नळीत वाफेचे पुन्हा पाणी झाल्यामुळे; त्यात सुटलेली उष्णता चाकांच्या काही उपयोगी पडत नाही. म्हणून वाहनांसाठी पाणी वाफेच्या रूपात धरूनच हिशेब केला पाहिजे. एकाने इथेनॉलचा आकडा द्रव पाणी धरून घ्यावा, दुसऱ्याने पेट्रोलचा वाफ धरून घ्यावा आणि मग तुलना करावी, हे म्हणजे भरलेली ट्रॉली एका काट्यावर आणि रिकामी दुसऱ्याच काट्यावर तोलण्यासारखे आहे. दुर्दैवाने वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांत फिरणाऱ्या आकड्यांत हे सर्रास घडते.

इथेनॉलचा एक मोल म्हणजे ४६.०७ ग्रॅम. तेव्हा १२३४.७ किलोज्यूलला त्याने भागले की किलोमागे २६.८ मेगाज्यूल (एक मेगाज्यूल म्हणजे हजार किलोज्यूल) मिळतात. आपण इंधन किलोने घेत नाही, लिटरने घेतो. इथेनॉलची घनता लिटरला ०.७८९ किलो धरली तर लिटरमागे २१.१ मेगाज्यूल होतात.

पेट्रोलचे गणित थोडे अवघड, कारण पेट्रोल हे एक संयुग नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्याची एकच अशी निर्मिती एन्थाल्पी कोष्टकात सापडणार नाही. पण त्यातल्या दोन प्रमुख कुळांचा एकेक प्रतिनिधी घेऊन चांगला अंदाज बांधता येतो. पहिला प्रतिनिधी आयसोऑक्टेन, ज्याला ऑक्टेन मोजपट्टीवर १०० चे स्थान दिलेले आहे. त्याची द्रवरूपातली निर्मिती एन्थाल्पी उणे २५९.२. त्याच्या एका मोलापासून कार्बन डायऑक्साइडचे आठ आणि वाफेचे नऊ मोल होतात, म्हणजे बेरीज उणे ५३२४.२, आणि तीमधून उणे २५९.२ वजा जाता उणे ५०६५.०. मोलाचे वजन ११४.२३ ग्रॅम, म्हणून किलोमागे ४४.३ मेगाज्यूल, आणि घनता ०.६९२ असल्याने लिटरमागे ३०.७. दुसरा प्रतिनिधी टोल्यूइन. त्याची निर्मिती एन्थाल्पी धन आहे, सुमारे अधिक १२. त्याच्यापासून सात मोल कार्बन डायऑक्साइड आणि चार मोल वाफ होते, बेरीज उणे ३७२१.७, आणि तीतून अधिक १२ वजा करायचे असल्याने उत्तर उणे ३७३३.७. (चिन्ह चुकवून येथे बारा मिळवणारे विद्यार्थी मी मोजणे सोडून दिले होते.) ९२.१४ ने भागून किलोमागे ४०.५, आणि घनता ०.८६७ असल्याने लिटरमागे ३५.१ मेगाज्यूल. टोल्यूइन किलोला कमी उष्णता देते पण लिटरला जास्त देते, कारण ते जड आहे. किलो आणि लिटर यांची गल्लत केली की निष्कर्ष कसा उलटा होतो याचे हे चांगले उदाहरण आहे. आयसोऑक्टेनचे सत्तर आणि टोल्यूइनचे तीस भाग आकारमानाने मिसळले तर घनता ०.७४ च्या आसपास, म्हणजे पंपावरच्या पेट्रोलइतकीच येते, आणि लिटरमागे उष्णता ३२ मेगाज्यूल. पेट्रोलसाठी अभियंते हाच आकडा धरून चालतात.

म्हणजे लिटरला लिटर ताडून पाहता इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या ६६ टक्के उष्णता आहे. ‘दोनतृतीयांश’ म्हणणाऱ्या वाचकांचा आकडा बरोबर आहे, चुकते ते पुढचे पाऊल. आपण टाकीत निखळ इथेनॉल भरत नाही, शंभरात वीस भाग भरतो. ‘ई-२०’च्या लिटरमध्ये इथेनॉलचे ४.२ आणि पेट्रोलचे २५.६ मिळून २९.८ मेगाज्यूल असतात. निखळ पेट्रोलच्या मानाने ही घट सुमारे ७ टक्के, एकतृतीयांश नव्हे. शिवाय आपण ‘ई-२०’वर निखळ पेट्रोलवरून आलेलोच नाही. दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्येच गाठले होते, आणि ‘ई-१०’च्या लिटरमध्ये ३०.९ मेगाज्यूल असतात. तेव्हा ‘ई-१०’वरून ‘ई-२०’वर येताना उष्णतेतली घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरते. एरवी लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल निव्वळ उष्णतेच्या हिशेबाने ४८ च्या थोडे वर जाईल. टायरमधली हवा कमी असली किंवा एअर फिल्टर तुंबला असला तरी एवढा फरक पडतो, त्यामुळे तो नुसत्या अंदाजाने ओळखता येणे कठीण आहे. तरीही फरक आहे, तो शून्य नाही.

नीती आयोगाच्या पुढाकाराने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातले अंदाज या गणिताशी ताडून पाहण्यासारखे आहेत. निखळ पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ‘ई-१०’ला जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची इंधनक्षमता ‘ई-२०’वर ६ ते ७ टक्क्यांनी, तशाच दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी, आणि ‘ई-१०’साठी घडवून ‘ई-२०’ला जुळवलेल्या चारचाकींची १ ते २ टक्क्यांनी घटेल, असे तज्ज्ञ समितीने तेव्हाच लिहून ठेवले होते. बारावीच्या मुलाने कोष्टक समोर ठेवून काढलेला सात टक्क्यांचा आकडा आणि समितीचा सर्वांत मोठा आकडा शेजारी शेजारी बसतात, याचा मला आनंद वाटतो. त्याच वेळी सरकारी आराखड्यात छापलेली घट आता कोणी अजिबात मान्य करू नये, हे मला पटत नाही.

मग तीन प्रकारच्या गाड्यांसाठी तीन वेगळे आकडे का, हा पुढचा प्रश्न. निर्मिती एन्थाल्पी जेथे गप्प होते ती जागा हीच, आणि ‘घट होत नाही’ म्हणणाऱ्या वाचकांच्या बोलण्यात जो काही तथ्यांश आहे तोही येथेच आहे. हे मी वर्गात एका प्रयोगाने दाखवत असे. स्पिरिटच्या दिव्यात शुद्ध अल्कोहोल घालून दिवा तोलायचा, त्यावर २०० ग्रॅम पाण्याचे चंचुपात्र ठेवायचे आणि बरोबर एक ग्रॅम अल्कोहोल जळेपर्यंत पाण्याचे तापमान पाहत राहायचे. कोष्टकाच्या हिशेबाने एका ग्रॅमला २६.८ किलोज्यूल, म्हणजे पाणी ३२ अंशांनी तापले पाहिजे. प्रत्यक्षात ते चौदा-पंधरा अंशांवर अडायचे. मुले कोष्टक चुकले म्हणायची. मग मी त्यांना चंचुपात्राच्या बाजूने वर जाणाऱ्या हवेवर हात धरायला सांगे, तिवईला बोट लावायला सांगे, काचेच्या तळाशी जमलेली काजळी दाखवी. उष्णता सुटली होती तेवढीच, पाण्यापर्यंत पोचली निम्मी. दिव्याभोवती पत्र्याचा आडोसा केला की तेच पाणी आणखी चार-पाच अंश वर जाई, आणि अल्कोहोल मात्र तेच, कोष्टकातला आकडाही तोच.

इंजिनाचेही तसेच आहे. एन्थाल्पीचा हिशेब लिटरमध्ये किती उष्णता आहे ते सांगतो; तिच्यातली किती चाकांपर्यंत पोचवायची हे इंजिनाची रचना ठरवते. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक शंभराच्या वर असल्याने ते जास्त दाबाखाली अकाली पेट घेत नाही, आणि त्याची वाफ व्हायला जास्त उष्णता लागत असल्याने आत येणारे मिश्रण गार होते. या दोन्ही गुणांचा फायदा घेणारे, जास्त दाबगुणोत्तराचे, म्हणजे मिश्रण जास्त दाबणारे, आणि ठिणगीची वेळ त्याप्रमाणे जुळवलेले इंजिन असेल, तर उष्णतेतली घट ते बरीचशी भरून काढू शकते. जुन्या स्कूटरच्या इंजिनाला मात्र ऑक्टेन वाढल्याचा पत्ताही लागत नाही, त्याच्या वाट्याला केवळ घट येते. म्हणून ‘ऑक्टेन जास्त, म्हणून मायलेज घटत नाही’ हे विधान नव्या, त्यासाठीच जुळवलेल्या गाडीपुरते काही अंशी खरे आणि रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांसाठी खोटे आहे. उलट, ज्यांचे मायलेज एकदम वीस-पंचवीस टक्क्यांनी पडले आहे त्यांनी इथेनॉलच्या उष्णतेला बोल न लावता गाडी मेकॅनिककडे न्यावी. एवढी घट या गणितातून कोणत्याही वाटेने निघत नाही. रबरी नळ्या, सील आणि टाकीतला गंज यांचे प्रश्न खरे आहेत, पण ते उष्णतेचे प्रश्न नाहीत आणि त्यांची चर्चा वेगळी व्हावी.

‘मायलेज घटले म्हणता, पण पिकअप तर पूर्वीसारखाच आहे’ असा सवालही केला जातो. त्याचेही उत्तर याच आकड्यांत आहे. एक किलो इथेनॉल पूर्ण जळायला सुमारे ९ किलो हवा लागते, एक किलो पेट्रोलला १४.७ किलो. इंजिन दर फेरीला ठरावीक हवा ओढते, आणि त्या हवेच्या किलोमागे सुटणारी उष्णता दोन्ही इंधनांना जवळजवळ सारखी, ३ मेगाज्यूलच्या आगेमागे येते. त्यामुळे जोर कमी होत नाही, तेवढाच जोर काढायला इंधन मात्र जास्त लागते.

इथेनॉलमध्ये उष्णता कमी का, याचे कारण मला या सगळ्यात सर्वांत मनोरम वाटते. एथिलीन वायूच्या एका मोलाला पाण्याचा एक मोल जोडला की इथेनॉल होते. एथिलीनची निर्मिती एन्थाल्पी अधिक ५२.३, त्याच्या ज्वलनाचे गणित केले तर मोलामागे उणे १३२२.९ येते, आणि इथेनॉलचे आपण उणे १२३४.७ काढले. रेणूला रेणू तोलला तर दोघांत फारसे अंतर नाही. पण इथेनॉलच्या ४६ ग्रॅमांतले १८ ग्रॅम हे त्या पाण्याचे आहेत. इंधनाच्या वजनाचा शेकडा ३९ भाग जणू आधीच जळून चुकलेला आहे आणि तो आपण टाकीतून वाहून नेतो आहोत. हाच जोडलेला ऑक्सिजन ज्वलन स्वच्छ व्हायला मदत करतो, तेव्हा तो निव्वळ ओझे आहे असेही मी म्हणणार नाही.

एकदा एका विद्यार्थिनीने मला असा प्रश्न विचारला होता की त्यासाठी मी तिचा आजही ऋणी आहे. ‘सर, ग्राफाइट, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र करून इथेनॉल कोणी बनवलेच नसेल, तर उणे २७७.७ हा आकडा मोजला कसा?’ मी सांगितले की तो मोजलेला नाही. कॅलरीमापीच्या पोलादी भांड्यात इथेनॉल जाळून आलेल्या ज्वलन-उष्णतेवरून तो उलटा काढलेला आहे. ती म्हणाली, ‘मग त्यावरून पुन्हा ज्वलन-उष्णताच काढण्यात काय मिळवले?’ वर्ग हसला, पण प्रश्न पक्का होता. ज्वलनापुरते पाहिले तर आपण ठेवलेलेच परत उचलतो, हे मला कबूल करावे लागले. कोष्टकाची खरी कमाई, जी अभिक्रिया मोजलेली नाही तिच्या बाबतीत दिसते. मी तिला आमच्या भागातल्या डिस्टिलरीचे उदाहरण दिले. ग्लुकोज या साखरेचे किण्वन होऊन, म्हणजे ती आंबून, इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन मोल होतात. ग्लुकोजची निर्मिती एन्थाल्पी उणे १२७३.३, दोन्ही उत्पादितांची बेरीज उणे १३४२.४; म्हणजे मोलामागे ६९ किलोज्यूल उष्णता सुटते. काही न जाळता, काही न मोजता, हे वहीतच कळले. पण हा आकडा कोरडे ग्लुकोज आणि निर्जल इथेनॉल धरून आला. डिस्टिलरीच्या टाकीत दोन्ही पाण्यात विरघळलेली असतात. त्या अवस्थेतल्या एन्थाल्पी घेतल्या की उत्तर शंभराच्या आसपास जाते. ग्लुकोजच्या हिशेबाने पंधरा टक्के साखर असलेले द्रावण पूर्ण आंबले आणि उष्णता जराही बाहेर गेली नाही, तर त्याचे तापमान वीस अंशांनी चढेल. तिशीच्या पुढे सुरू झालेली टाकी पन्नाशीला टेकली की यीस्ट मरणार. त्या डिस्टिलरीत मी मुलांना नेले तेव्हा मळीचे पातळ केलेले द्रावण फेसाळत वर येत होते, टाकीच्या तोंडाशी नाकाला झोंबणारा वायू होता, आणि शेजारच्या शीतक यंत्रणेतून तेच द्रावण अखंड फिरवले जात होते. तिथल्या कामगाराने सांगितले की दुपारी थंड पाण्याचा पंप तासभर जरी बंद पडला तरी सगळ्यांची धावपळ उडते. त्या मुलीने तिथेच वही काढून आपल्या उत्तराखाली त्या दिवशीच्या तापमानाची नोंद केली.

या पार्श्वभूमीवर माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आपल्या दैनिकाला. इंधनाच्या उष्णतेचा आकडा छापताना तो किलोमागे की लिटरमागे, पाणी द्रव धरून की वाफ धरून, आणि मायलेजची तुलना ‘ई-१०’शी की निखळ पेट्रोलशी, एवढ्या तीन गोष्टी त्याच ओळीत छापल्या जाव्यात. त्या नसतील तर आकडा छापू नये. या तीन गोष्टी गाळल्यामुळे साडेतीन, सात आणि चौतीस हे तिन्ही टक्के एकाच प्रश्नाचे उत्तर म्हणून फिरत आहेत, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असूनही वाचक मात्र गोंधळात पडला आहे.

दुसरी विनंती तेलविपणन कंपन्या आणि पेट्रोलियम मंत्रालय यांना आपल्यामार्फत पोचावी. पंपावर घनता लिहिलेली असते, दर लिहिलेला असतो. त्याशेजारी मिश्रणातले इथेनॉलचे प्रमाण आणि लिटरमागची उष्णता मेगाज्यूलमध्ये लिहिली जावी. ग्राहक पैसे लिटरचे देतो, पण त्याला हवी असते ती गाडी ओढणारी उष्णता. ३२ च्या जागी २९.८ मिळत असतील तर ते त्याला कळले पाहिजे, आणि दर ठरवताना तो फरक धरला आहे की नाही हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. ऊस उत्पादक म्हणून मला इथेनॉलला चांगला भाव हवाच आहे. तो ग्राहकापासून सात टक्के झाकून ठेवून मिळू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

वरची सर्व गणिते, संतुलित समीकरणांसह, मी चार पानांवर स्वच्छ अक्षरात मांडून ठेवली आहेत. कोणा अध्यापकाला ती वर्गात वापरायची असतील, तर आपल्या कार्यालयाकडे तशी विचारणा आल्यास मी त्या पानांच्या प्रती स्वखर्चाने पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रसायनशास्त्र अध्यापक,
कराड, जि. सातारा